अडकित्त्यावरचा पोपट

अडकित्त्याच्या डोक्यावर बसलेला पितळेचा पोपट सुपारी कातरायला काय मदत करतो, असे कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर एकच आहे : काही नाही. सुपारी कातरते ते पोलादी पाते, आणि ते पाते नेटाने खाली येते ते तरफेच्या जोरावर. दोन दांड्या एका टोकाला खिळीने जोडलेल्या. सुपारी खिळीच्या अगदी जवळ ठेवायची आणि हात मात्र दांड्यांच्या दूरच्या टोकाला. हाताला श्रम थोडे, सुपारीवर दाब पुष्कळ. शाळेत दुसऱ्या प्रकारची तरफ शिकवताना मी फळ्यावर नेहमी अडकित्ताच काढतो. एकदा एका मुलीने हात वर केला. म्हणाली, “गुरुजी, आमच्या आजीच्या अडकित्त्यावर मोर आहे. तो कुठं काढायचा?” मी म्हटले, “तो आकृतीत येत नाही. त्याला काम नाही.” तरफेच्या धड्यापुरते हे उत्तर बरोबरच होते. मोराला काम नाही. पण मग तो तेथे कशासाठी बसला आहे, हा प्रश्न तरफेच्या धड्यात सुटणारा नव्हे.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जे गेले असतील त्यांना तेथील अडकित्ते आठवत असतील. हे संग्रहालय उभे करणारे दिनकर केळकर (१८९६–१९९०) स्वतः कवी होते. ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहीत. संग्रहालयाला त्यांनी नाव दिले ते लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे. कविता लिहिणाऱ्या या माणसाने आयुष्य वेचले ते दिवे, कुलपे, दौती आणि अडकित्ते गोळा करण्यात. त्या वस्तू पाहत हिंडताना एक गोष्ट सारखी जाणवते. यांतली एकूण एक वस्तू नक्षीवाचून चालली असती. दिवा जळला असता, कुलूप लागले असते, सुपारी कातरली गेली असती. तरीही त्या करणाऱ्या, नाव मागे न ठेवलेल्या माणसांपैकी कोणालाही तेवढ्यावर थांबावेसे वाटले नाही.

आता आपली मराठी भाषा या बाबतीत मोठी कठोर आहे. ‘शोभेचा’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. ज्याच्या हातून काही होत नाही तो शोभेचा बाहुला. दिवाळीत आपण उडवतो ती शोभेची दारू. म्हणजे जणू माणसे मारते तीच खरी दारू, आणि मुलांना हसवते ती नुसती शोभेची! वर्गात कविता शिकवू लागलो की मागच्या बाकावरून प्रश्न येतो, “गुरुजी, हे परीक्षेला आहे का?” मी कादंबऱ्या लिहितो हे कळल्यावर पाहुणे विचारतात, “त्याचं मिळतं का काही?” उपयोग दाखवा, मग बसा, असा हा सगळा व्यवहार आहे.

या व्यवहाराचा परिणाम असा झाला आहे की सौंदर्याला खोटे बोलण्याची सवय लागली आहे. हे मी अलंकारिक बोलत नाही. सुऱ्या, तलवारी, खुकऱ्या यांच्याविषयी लोक काय काय सांगतात ते ऐकावे. नेपाळी खुकरीच्या पात्यावर, मुठीच्या जवळ, धारेच्या बाजूला एक लहानशी खाच असते. ती कशासाठी? एक जण सांगतो, रक्त मुठीवर न येता तेथूनच ठिबकावे म्हणून. दुसरा सांगतो, शत्रूचे पाते तेथे अडकवता यावे म्हणून. तिसरा म्हणतो, धार तेथे संपते, ती तडकून तडा पुढे जाऊ नये म्हणून. चौथा म्हणतो, ते गाईचे खूर आहे. पाचवा म्हणतो, शंकराचे त्रिशूळ. एवढ्याशा खाचेला इतकी कारणे! ज्या गोष्टीचे खरोखर एक काम असते तिला पाच कारणे लागत नाहीत. म्यानात खुकरीबरोबर दोन लहान हत्यारे असतात. त्यांतल्या चकमकीचे काम कोणीही विचारावे, सगळे एकच सांगतात : गारगोटीवर ठिणगी पाडायची आणि मोठ्या पात्याची धार घोटायची. खाचेबद्दल मात्र पंचायत बसते. बसेना का, पण त्या पंचायतीत ‘बरी दिसते म्हणून’ असे म्हणणारा सहावा कोणी सहसा नसतो, हे ध्यानात घ्यावे.

उलट प्रकारही आहे, आणि तो अधिक मौजेचा आहे. तलवारीच्या पात्याच्या मधोमध लांब पन्हाळीसारखी खोबण असते. पाहणाऱ्याला वाटते, ही शोभा असावी. जाणता म्हणतो, छे, ती रक्त वाहून जाण्यासाठी. दोघेही चुकतात. त्या खोबणीमुळे पात्याचे वजन घटते आणि ताठपणा मात्र फारसा कमी होत नाही. रेल्वेचा रूळ किंवा इमारतीची लोखंडी तुळई मध्ये बारीक आणि वरखाली रुंद ठेवतात, त्यामागेही हेच गणित असते. म्हणजे येथे उपयोग खरा आहे, पण लोकांना तो रुचत नाही. त्यांना रक्ताची गोष्ट हवी असते. कामाच्या नावाखाली आपण पुष्कळदा एक भयंकर अलंकारच मागत असतो.

आपल्या घरातली दिवाळीची करंजी घ्या. कातण्याने कापलेली करंजी आणि हाताने मुरड घातलेली करंजी यांच्यावरून सासवा-सुनांचे वाद झालेले मी ऐकले आहेत. मुरड घालणारी म्हणते, कडा घट्ट बसते, सारण तुपात सुटत नाही. ते खरेच आहे. कडा मुडपून दाबली की ती उकलत नाही. पण मग कडा नुसती दोन बोटांनी चेपली तरी भागेल. ती दोरखंडासारखी, एकसारख्या पिळाची, टोकापासून टोकापर्यंत चुण्या मोजून घ्यावी अशी कशाला घालायची? तेथे सारण राखण्याचे काम केव्हाच संपलेले असते आणि दुसरे काही तरी सुरू झालेले असते. बोटे मात्र तीच. काम कोठे संपले आणि नक्षी कोठे सुरू झाली याची सीमारेषा त्या पिठावर दाखवता येणार नाही.

सीमारेषा दाखवता येत नाही असे दुसरे उदाहरण म्हणजे विळी. गोव्याकडे तिला आदोळी म्हणतात, बंगालात बोटी. जगातल्या बहुतेक सुऱ्या हातात धरून वस्तूवर चालवायच्या असतात. विळी तशी नाही. तिचे पाते पाटाला जखडलेले, धार आपल्याकडे तोंड करून. पाटावर पाय किंवा गुडघा रोवून बसायचे, आणि वस्तूच दोन्ही हातांनी पात्यावर न्यायची. सुरीने एक हात अडकतो, विळीने दोन्ही मोकळे राहतात. म्हणूनच मेथीची जुडी, फणसाचा गरा आणि ओला नारळ यांना विळीसारखे दुसरे काही नाही. पाते बगळ्याच्या मानेसारखे वाकलेले असते. त्या बाकामुळे भाजी पुढे ढकलताना धारेवरून सरकत जाते, नुसती दाबली जात नाही. आणि सरकत कापले की टोमॅटोसुद्धा चिरडत नाही. टोकाला खवणीचे दाते. घरात रांगते मूल असेल तर पाते मिटून पाटावर निजवता येते. यातला एकही बाक, एकही कोन कोणी शोभेसाठी दिलेला नाही. पण भिंतीला टेकून ठेवलेली जुनी विळी एकदा नीट पाहावी. ती रेषा एखाद्या चित्रकाराने काढली असती तर आपण तिच्यापुढे उभे राहून मान डोलावली असती.

जपानात सोएत्सु यानागी (१८८९–१९६१) नावाचा विचारवंत होऊन गेला. रोजच्या वापरातल्या, अनाम कारागिरांनी केलेल्या भांड्याकुंड्यांत खरे सौंदर्य असते, आणि ते वापरातूनच येते, असे त्याने जन्मभर सांगितले. टोकियोत १९३६ साली त्याने अशा वस्तूंचे संग्रहालयही काढले. आपली विळी त्याच्या हाती पडती तर त्याने ती डोक्यावर घेतली असती. त्याचे म्हणणे मला निम्म्याहून अधिक पटते. पण पोपटाचे काय करायचे? पोपट वापरातून आलेला नाही. तो कोणी तरी मुद्दाम आणून बसवला आहे.

मुद्दाम बसवलेल्या पोपटावर अगदी कडाडून हल्ला केला तो व्हिएन्नाच्या आडॉल्फ लोस या वास्तुशिल्पकाराने, १९१० च्या सुमारास. अलंकरण हा गुन्हा आहे, असे त्याचे म्हणणे. त्याचा हिशेब सरळ होता : नक्षीत मजुराचे तास वाया जातात, माल वाया जातो, आणि नक्षीची फॅशन गेली की धडधाकट वस्तूही टाकून दिली जाते. यातले शेवटचे वाक्य आजच्या बाजारात हिंडणाऱ्या कोणालाही खोडून काढता येणार नाही. शिवाय असे अडकित्ते मी हाताळले आहेत की ज्यांच्या दांड्यांवरच्या वेलबुट्टीने तळहाताला वळ उठतात. चार सुपाऱ्या कातरल्या की मनुष्य हात झाडू लागतो. जे हत्यार हाताला दुखवते त्याची नक्षी कितीही नाजूक असो, ती मला कुरूपच वाटते. असा अडकित्ता करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गिऱ्हाईक होते, पण गिऱ्हाइकाचा हात नव्हता.

तथापि याच लोसने त्याच लेखात एक गोष्ट सांगितली आहे, आणि ती सांगण्याइतका तो प्रामाणिक होता. तो आपल्या चांभाराकडे जातो आणि जोड्याची किंमत आपण होऊन वाढवून देतो. चांभार आनंदतो, मनातल्या मनात नव्या जोड्यावर नक्षीची भोके आणि कंगोरे काढू लागतो. मग लोस सांगतो, जोडा मात्र अगदी साधा हवा. झाले! काम कमी झाले, पैसे तेवढेच मिळाले, पण त्या माणसाचा सगळा आनंद गेला. म्हणून लोस म्हणतो, माझ्या जोड्यावर नक्षी असेल तर ती मी चालवून घेतो. ती माझ्यासाठी नाही, त्या चांभारासाठी आहे. सबंध लेखात गुन्हेगार ठरवलेल्या नक्षीला शेवटी अशी सुट्टी मिळते. मला तो सगळा लेख एकीकडे आणि हा चांभार एकीकडे असे वाटते.

आता नक्षीच्या बाजूने बोलायला निघालो आहेच, तर तिच्यातला एक खरा गुन्हाही सांगून टाकतो. प्राचीन काळापासून दक्षिण हिंदुस्थानात मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि वनस्पतींचा कोळसा तापवून एक उंची पोलाद करीत. कानडीत पोलादाला ‘उक्कु’ म्हणतात. इंग्रजांनी त्याचेच ‘वुट्झ’ केले. हे पोलाद पश्चिम आशियात जाई, आणि त्याच्या तलवारी दमास्कसच्या नावाने जगात गाजल्या. त्या पात्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसे. ती कोणी कोरलेली नसे. पोलाद सावकाश निवताना आणि बेताच्या उष्णतेवर ठोकले जाताना त्यातल्या कर्बाच्या कठीण कणांच्या ओळी धरल्या जात, त्याच त्या लाटा. म्हणजे ती नक्षी ही साक्ष होती; पात्याच्या पोटात काय आहे ते ती पाठीवर सांगत असे. ही विद्या एकोणिसाव्या शतकात लोपली. आज जे लोहार दोन जातींचे पोलाद थरावर थर ठोकून, आम्लात बुडवून तशा लाटा उमटवतात तेही कसबी लोक आहेत, आणि त्या लाटा थरांच्याच असतात; फक्त तेवढ्यामुळे सुरी अधिक कापते असे नाही. पण बाजारात साध्या पत्र्याच्या सुरीवर यंत्राने वरवर उमटवलेल्या लाटाही मिळतात. सुरी तयार झाल्यावर हातोड्याचे घाव पडल्यासारखे खळगे साच्यात दाबून काढलेले मिळतात. पोपट निदान ‘मी पोपट आहे’ एवढेच म्हणतो. या लाटा ‘मी पोलाद आहे’ असे म्हणतात आणि ते खोटे असते. नक्षी निरुपयोगी असली तर माझी काही तक्रार नाही. तिने खोटी साक्ष देऊ नये.

असो. पोलादाच्या पोथीतून आता मी माझ्या गावाकडे येतो, कारण हा सगळा विचार माझ्या डोक्यात घातला तो एका लोहाराने.

मी शिकवतो तो भाग बीड जिल्ह्यातला, बालाघाटच्या डोंगराचा. दसऱ्याच्या आधी आमच्या आठवडी बाजाराच्या कडेला एक घिसाडी आपले बिऱ्हाड घेऊन उतरतो. ट्रकच्या कमानीच्या जुन्या पट्ट्या तापवायच्या, ठोकायच्या आणि त्यांचे कोयते करायचे. तो सांडशीने लोखंड धरतो. घण घालते त्याची बायको. ज्यांनी हे पाहिले नसेल त्यांना सांगतो की त्या बाईच्या घणाचा ताल एकदाही चुकत नाही, आणि मधूनमधून ती गिऱ्हाइकाशी बोलतही असते. खंडेनवमीला आपण हत्यारांना फूल वाहतो, हळदकुंकू वाहतो. ही बाई मला त्या दिवशी नेहमी आठवते.

हे कोयते उसाचे. उसाचा कोयता भलताच हिशेबी असतो. पाते रुंद पण पातळ, कारण दिवसभर उचलायचा आहे. जड झाला तर दुपारनंतर खांदा सोडतो. ऊस अगदी जमिनीलगत तोडावा लागतो, कारण गोडी बुडख्यात अधिक असते आणि शेंड्याकडे कमी. वर तोडला तर साखर शेतात राहते. म्हणून मूठ आणि पाते यांचा कोन असा साधायचा की वाकलेल्या माणसाचा घाव मातीत न रुतता मातीवरून जाईल. मग शेंडा छाटायचा. त्याचे वाढे जनावरांना. एवढ्या हिशेबाच्या हत्यारावर हा घिसाडी, पाणी देण्यापूर्वी, पाते अजून तांबडे असतानाच, छिन्नीने तीन तिरप्या रेघा आणि त्यांच्या टोकांना तीन ठिपके मारतो. पाठीकडच्या जाड भागावर, धारेपासून दूर आणि अगदी उथळ. खोल खाच पडली तर पाते तेथूनच तडकते, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

मी विचारले, “या रेघा कशाला हो?”

तो म्हणाला, “खूण हाय, गुरुजी. फडात पन्नास कोयते पडलेले असतात. आपला वळखू यावा म्हणून.”

मला ते पटले. पण घण खाली ठेवून त्याची बायको मोठ्याने हसली. म्हणाली, “काय सांगतो ह्यो! समद्याच कोयत्यांवर त्याच रेघा मारतो की. मग कुणाचा कोणता ते कसं वळखावं?”

घिसाडी ओशाळला. थोडा वेळ भात्याचा पंखा फिरवीत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “मग काय भुंडाच द्यायचा व्हय, गुरुजी?”

त्या रेघांना एक खोटे कारण लागले होते, तेही बायकोने मोडून काढले, आणि मग खरे ते बाहेर आले. ‘भुंडा’ हा शब्द मराठी घरात वाढलेल्या कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. भुंडा हात म्हणजे बांगडीवाचूनचा हात. त्यात नुसते ‘काही नाही’ असे नसते. काही तरी असायला हवे होते आणि ते नाही, अशी बोच त्यात असते. रेघांवाचूनचा कोयता ऊस तितकाच तोडेल. पण त्या माणसाच्या लेखी तो अजून पुरा झालेला नाही. अशा अर्धवट वस्तूला तो आपल्या हातून बाहेर कसा जाऊ देईल?

पाठशाळेत संस्कृत शिकलेल्यांना ‘अलम्’ हे अव्यय आठवत असेल. अलम् म्हणजे पुरेसे. ‘अलंकार’ हा शब्द त्यातूनच आला आहे : अलम् करणे, पुरेसे करणे, सिद्ध करणे. आनंद कुमारस्वामी (१८७७–१९४७) यांनी १९३९ साली अलंकरणावर लिहिलेल्या निबंधात हे दाखवून दिले आहे की अलंकार या शब्दाचा मूळ अर्थ वरून चिकटवलेली जादा शोभा असा नव्हताच. वस्तूला तिच्या कामासाठी पूर्ण करणे असा होता. एवढा मोठा पंडित आणि माझा घिसाडी एकाच ठिकाणी पोहोचले याचे मला नवल वाटले. एक शब्दकोशातून गेला, दुसरा कोळशाच्या धुरातून.

पण ‘भुंडा’ शब्द इतक्या प्रेमाने उच्चारताना जीभ जरा अडखळते. याच शब्दाने आपण बायकांवर काय अत्याचार केले ते विसरता येत नाही. नवरा गेला की बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने २०२२ साली ग्रामपंचायतीत ठराव करून या प्रथा बंद केल्या; म्हणजे तोवर त्या चालूच होत्या, आणि अनेक गावांत अजून आहेत. मला येथे एकच विचारायचे आहे. जे केवळ शोभेचे, ज्याचा काही उपयोग नाही, ते हिरावून घेणे ही शिक्षा कशी होऊ शकते? काचेच्या चार बांगड्यांनी पाणी शेंदता येत नाही, भाकरी भाजता येत नाही. त्या फोडल्याने त्या बाईच्या हाताचे काम तसूभरही कमी झाले नाही, उलट वाढलेच. तरीही ज्यांनी ही रीत घातली त्यांना पक्के ठाऊक होते की घाव कोठे बसतो. ‘तू आता फक्त कामापुरती आहेस’ असे एखाद्या माणसाला शब्द न वापरता सांगायचे असेल तर त्याची शोभा काढून घ्यावी, हे त्यांना कळत होते. आपण पोपटाला निरुपयोगी म्हणून हसतो तेव्हा निदान एवढे तरी ध्यानात ठेवावे.

कामापुरते माणूस म्हणजे काय, हे पाहायला मला फार लांब जावे लागत नाही. दिवाळी झाली की आमच्या भागातून उसाच्या फडांकडे गाड्या निघतात आणि माणसे चैत्राच्या आसपास परततात. ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. दोघे मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर मिळते. मुकादमाच्या वहीत किती कोयते नेले याचा आकडा असतो. हत्यार माणसाच्या हातात असते असे आपण समजतो. त्या वहीत माणूसच हत्याराच्या पोटात गेलेला आहे. माझ्या हजेरीपटावर सुट्टीनंतर ज्या नावांपुढे रेघ येऊ लागते ती मुले या कोयत्यांची. काही आजीपाशी मागे राहतात, काही आईबापांबरोबर जातात आणि फडाच्या कडेला धाकट्या भावंडाला सांभाळत बसतात. तीन रेघा आणि तीन ठिपके यांनी यातले काही बदलणार नाही, हे मला कळते. नक्षीने उचल फिटत नाही. पण वहीतल्या त्या आकड्याला आणि घिसाड्याच्या प्रश्नाला एकाच तराजूत घालण्याची माझी तयारी नाही. वही विचारते, यांच्याकडून किती टन निघेल? घिसाडी त्यांच्याच हातात जाणाऱ्या लोखंडाबद्दल विचारतो, हे असे भुंडे कसे द्यायचे?

आणि त्या तीन रेघा फुकट पडत नाहीत. पाते निवत जाते, पुन्हा भट्टीत घालावे लागते, कोळसा जळतो. शहरातून येणारे यंत्राचे कोयते स्वस्त मिळतात. त्यांच्यावर रंग असतो आणि कारखान्याची चिठ्ठी चिकटवलेली असते. घिसाड्याने रेघा सोडल्या तर दिवसाला एखादा कोयता जास्त निघेल. बायकोने त्याला तसे सुनावलेही आहे, माझ्यादेखत. पण रेघा मारायची वेळ आली की छिन्नी पुढे करते ती तीच.

गेल्या खेपेला माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई बाजारात नव्या कोयत्याची मूठ बांधत बसली होती. मूठ हातातून निसटू नये, घामाने सरकू नये म्हणून तिच्यावर जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळतात. तिने चिंधी काढली होती ती काठाची. लग्नातले लुगडे असावे, कारण काठात अजून जरीच्या काही तारा शिल्लक होत्या. साधी सुती चिंधी तिच्या मांडीवर पडलेली होती, ती तिने घेतली नव्हती.

मी म्हटले, “बाई, जर हाताला टोचत नाही का?”

“टोचती की,” ती म्हणाली. मग मूठ माझ्यासमोर धरून तिने दाखवले. “म्हणून जर वरच्या अंगाला घेतली. हातात येतं ते साधं. आन् दिसतं ते हे.”